बँकॉकला निघालाय? पैसे कुठे वाचतात, कुठे बुडतात आणि कायदा कुठे आडवा येतो, हे आधी वाचून घ्या

मुंबईहून विमानात बसलं की साधारण साडेचार तासांत बँकॉक येतं. पहिल्यांदा पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे हमखास निघणारं हे नाव. कॉलेजचा ग्रुप असो, ऑफिसची ट्रिप असो, नाहीतर आई-बाबांना पहिला परदेश दाखवायचा असो, 'बँकॉक स्वस्त आहे' हे वाक्य ऐकू येतंच.

ते खोटं नाही. पण बँकॉक स्वस्त आहे ते माहिती असणाऱ्यांसाठी. माहिती नसली की टॅक्सीत, एटीएमवर, राजवाड्याच्या दारात थोडे थोडे करत पैसे जातात. आणि काही गोष्टी अशा आहेत, की तिथे पैसे नाही तर थेट स्वातंत्र्य जातं. रीलमध्ये मँगो स्टिकी राइस दिसतो, हे दिसत नाही. म्हणून ट्रिप ज्या क्रमाने होते, त्याच क्रमाने एकेक गोष्ट समजून घेऊ.

निघण्याआधी : व्हिसा आणि तो डिजिटल फॉर्म

थायलंडने १५ जुलै २०२४ पासून ९३ देशांच्या नागरिकांना पर्यटनासाठी ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. त्यात भारतही होता. पण ही सवलत कायमची लिहून दिलेली नाही. तिथलं सरकार दिवसांची संख्या आणि अटी बदलत असतं. त्यामुळे मित्र दोन वर्षांपूर्वी कसा गेला होता, यावर विसंबू नका. तिकीट काढण्याआधी थायलंडच्या दूतावासाच्या किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजा नियम वाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजेच टीडॅक. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला हा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तो भरायचा. पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक, राहण्याचा पत्ता अशी साधीच माहिती लागते. लहान मुलांचाही फॉर्म वेगळा भरावा लागतो.

हा फॉर्म पूर्णपणे मोफत आहे. गुगलवर शोधलं की सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं समोर येतात आणि 'प्रोसेसिंग फी' मागतात. खरं संकेतस्थळ थायलंडच्या इमिग्रेशन विभागाचं आहे आणि त्याच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गो डॉट टीएच' असा होतो. पैसे मागितले, की समजायचं आपण चुकीच्या दारात उभे आहोत.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून ठेवा. इमिग्रेशनचा अधिकारी विचारेलच असं नाही, पण विचारलं आणि फोनची बॅटरी संपलेली असली, तर घाम फुटतो. पुरेसे पैसे आहेत का, हेही विचारलं जाऊ शकतं.

मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, कमाल २०,००० बाथपर्यंत. शिवाय पासपोर्टवर नोंद होते, ती वेगळीच.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सुसह्य काळ. गर्दी आणि हॉटेलचे दरही तेव्हाच चढे असतात. त्यातही जानेवारी-फेब्रुवारीत काही दिवस हवेचं प्रदूषण वाढतं, त्यामुळे दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क सोबत ठेवावा.

मार्च ते मे म्हणजे कडक उन्हाळा. आपल्या शाळांना सुट्ट्या असतात म्हणून बरीच मराठी कुटुंबं नेमकी तेव्हाच जातात. तसं असेल तर बाहेर फिरायचं सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी, दुपार मॉलमध्ये किंवा म्युझियममध्ये, असं वेळापत्रक ठेवा. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असतं. रस्त्यावर अक्षरशः पाण्याची होळी खेळली जाते. मजा येते, पण फोन आणि पासपोर्ट वॉटरप्रूफ पाऊचमध्ये हवेत.

मे ते ऑक्टोबर पावसाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जोरात असतो आणि रस्त्यांवर पाणी साचतं. मुंबईकरांना ते काही नवीन नाही.

विमानतळ दोन आहेत, हे विसरू नका

बँकॉकला दोन मोठे विमानतळ आहेत. सुवर्णभूमी हा २००६ मध्ये सुरू झालेला मुख्य विमानतळ. नाव संस्कृत, आणि आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्पही आहे. दुसरा डॉन मुआंग, हा जुना. स्वस्त विमान कंपन्यांची बरीच उड्डाणं तिथून होतात. दोन्ही विमानतळ शहराच्या दोन वेगवेगळ्या दिशांना आहेत. पुढे फुकेत किंवा क्राबीचं विमान असेल तर ते कुठून सुटतं, हे तिकिटावर नीट बघा. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात तर ट्रॅफिकमधून दुसरीकडे जाईपर्यंत विमान उडालेलं असतं.

सुवर्णभूमीहून शहरात जायला एअरपोर्ट रेल लिंक आहे. शेवटचं स्टेशन फया थाई, वेळ साधारण अर्धा तास, भाडं जास्तीत जास्त ४५ बाथच्या आसपास. एक बाथ म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. म्हणजे सव्वाशे रुपयांत तुम्ही शहराच्या मध्यात. फया थाईला बीटीएस स्कायट्रेन मिळते, मक्कासानला एमआरटी म्हणजे मेट्रो जवळ आहे. ही रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते आणि पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होते. भारतातून जाणारी बरीच विमानं पहाटे पोहोचतात, तेव्हा थोडी वाट बघावी लागू शकते.

डॉन मुआंगहून लाल मार्गिकेची रेल्वे क्रुंग थेप अफिवात या मोठ्या टर्मिनसला जाते, तिथून मेट्रो मिळते.

चार माणसं आणि चार बॅगा असतील तर टॅक्सी परवडते. पण आगमन कक्षात 'टॅक्सी, टॅक्सी' करत मागे लागणाऱ्याबरोबर जायचं नाही. सुवर्णभूमीच्या तळमजल्यावर अधिकृत टॅक्सीचं मशीन आहे. त्यातून चिठ्ठी काढायची, चिठ्ठीवरच्या क्रमांकाच्या जागी उभ्या असलेल्या टॅक्सीत बसायचं. भाडं मीटरप्रमाणे, त्यावर विमानतळाचे ५० बाथ. एक्स्प्रेसवेने गेलात तर टोल प्रवाशाने भरायचा असतो, त्यात फसवणूक नाही. ती चिठ्ठी शेवटपर्यंत जपून ठेवा. सामान राहिलं किंवा वाद झाला तर टॅक्सी शोधायचा तोच पुरावा.

शहरात फिरायचं कसं?

बँकॉकचं ट्रॅफिक म्हणजे संध्याकाळची पुण्याची हिंजवडी, पण शहरभर. त्यावर उपाय एकच, रस्त्यावरून वर किंवा खाली जायचं.

वर धावते बीटीएस स्कायट्रेन. ती ५ डिसेंबर १९९९ ला सुरू झाली. खाली धावते एमआरटी, ती २००४ पासून. दोन्ही साधारण सकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंत चालतात. नवख्या प्रवाशाचा गोंधळ होतो तो इथे : या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि त्यांची तिकिटंही वेगळी. बीटीएसचं तिकीट एमआरटीच्या गेटवर चालत नाही. बीटीएससाठी रॅबिट कार्ड मिळतं, ते घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. एमआरटीच्या गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं काँटॅक्टलेस कार्ड थेट टेकवता येतं. आसोक, साला डेंग आणि मो चित या बीटीएस स्टेशनांना लागून एमआरटीची स्टेशनं आहेत, ती लक्षात ठेवली की बरंचसं शहर हातात येतं.

तिसरा पर्याय नदी. चाओ फ्राया एक्स्प्रेसची नारंगी झेंड्याची बोट १६ बाथच्या आसपास घेते आणि बीटीएसच्या सफान ताकसिन स्टेशनाखालच्या साथोर्न धक्क्यावरून राजवाड्याच्या बाजूला नेते. त्याच धक्क्यावर पर्यटकांसाठीची महागडी बोटही असते आणि तिचे विक्रेते तुम्हाला आधी गाठतात. झेंड्याचा रंग बघून बसा.

टॅक्सी रस्त्यावर थांबवली, तर बसण्याआधी एकच शब्द : 'मीटर'. मीटर ३५ बाथपासून सुरू होतो. ड्रायव्हरने मान हलवून २०० किंवा ३०० चा आकडा सांगितला, तर दार लावून पुढची बघा. पर्यटनस्थळांच्या दारात उभ्या असलेल्या टॅक्सीपेक्षा धावती टॅक्सी मीटरने यायची शक्यता जास्त. ग्रॅब आणि बोल्ट ही ॲप्सही चालतात, त्यात भाडं आधीच दिसतं.

टुकटुक म्हणजे आपल्या रिक्षाची थाई चुलत बहीण. तिला मीटर नसतो. एकदा फोटोसाठी बसायला हरकत नाही, पण भाडं आधी ठरवून, आणि ते एकूण आहे की माणशी, हेही विचारून.

राहायचं कुठे?

बुकिंग करताना 'शहराच्या मध्यात' या शब्दांवर जाऊ नका. बँकॉक एवढं पसरलेलं आहे की त्याला एक मध्य नाही. बघायचं ते एवढंच, की बीटीएस किंवा एमआरटीचं स्टेशन चालत दहा मिनिटांत आहे का.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आसोक आणि फ्रोम फोंगचा पट्टा सोयीचा. खरेदीच करायची तर सियाम आणि प्रातुनाम. भारतीय जेवण हवं असेल तर सुखुमवितचा नाना परिसर आणि प्रातुनाम दोन्हीकडे बऱ्यापैकी पर्याय आहेत. मात्र नानाचा काही भाग रात्रीच्या बारसाठी प्रसिद्ध आहे. आई-बाबा किंवा मुलं सोबत असतील तर हॉटेल कोणत्या गल्लीत आहे, ते नकाशावर आधी बघा. खाओ सान रोड तरुण बॅकपॅकर्सचा अड्डा आहे, तिथे खोल्या स्वस्त मिळतात, पण पहाटेपर्यंत गाणी ऐकायची तयारी हवी.

पैसे : रुपये घेऊन जायचे का?

थोडक्यात उत्तर, नाही. रुपयाला तिथे भाव कमी मिळतो. फॉरेक्स कार्ड आणि थोडे डॉलर, किंवा इथूनच थोडे बाथ, हा बरा मार्ग. डॉलर बदलायचे तर विमानतळाच्या आगमन कक्षातल्या पहिल्याच काउंटरवर सगळे बदलू नका. सुवर्णभूमीच्या तळघरात, रेल लिंकच्या स्टेशनाजवळ असलेल्या मनी एक्स्चेंजवर सहसा बरा दर मिळतो.

एटीएममधून पैसे काढले तर थाई बँक परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त शुल्क घेते. म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास, मग तुम्ही हजार बाथ काढा नाहीतर वीस हजार. त्यामुळे थोडे थोडे काढायचे नाहीत.

आणखी एक सापळा स्क्रीनवर असतो. एटीएम किंवा कार्ड मशीन विचारतं, 'रुपयांत पैसे द्यायचे की बाथमध्ये?' रुपये ओळखीचे वाटतात म्हणून माणूस तेच बटण दाबतो. तिथे रूपांतराचा दर मशीनवाली बँक ठरवते आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो. प्रत्येक वेळी बाथच निवडा.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नवीन कार्डांवर ते सुरुवातीला बंदच असतात. हे लक्षात येतं ते बहुतेकांना तिथल्या काउंटरवर. आणि यूपीआयच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नका. रस्त्यावरच्या गाड्यांवर आणि छोट्या दुकानांत रोख रक्कमच लागते.

'राजवाडा आज बंद आहे'

बँकॉकमधली ही सगळ्यात जुनी आणि अजूनही चालणारी फसवणूक. तुम्ही ग्रँड पॅलेसच्या दिशेने चालत असता. नीटनेटक्या कपड्यांतला, चांगलं इंग्रजी बोलणारा एक माणूस भेटतो. म्हणतो, आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, दुपारी उघडेल. तोवर हा टुकटुकवाला तुम्हाला वीस-तीस बाथमध्ये तीन-चार मंदिरं दाखवून आणेल.

मंदिरं दाखवली जातातही. मधेच एक रत्नांचं दुकान आणि एक शिंपी लागतो. 'सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस आहे, भारतात नेऊन दुप्पट भावात विका' असं सांगितलं जातं. टुकटुकवाल्याला दुकानाकडून कमिशन मिळतं, तुमच्या हातात हलक्या प्रतीचे खडे येतात आणि राजवाडा तोवर खरंच बंद होतो.

राजवाडा साधारण रोज सकाळी ८:३० ते दुपारी ३:३० पर्यंत उघडा असतो. राजघराण्याच्या समारंभांमुळे कधीकधी बदल होतो, तो अधिकृत संकेतस्थळावर बघायचा आणि मुख्य दारापर्यंत जाऊनच खात्री करायची. रस्त्यात भेटलेल्या माणसाचं ऐकून वाट बदलायची नाही.

परदेशी माणसाला राजवाड्याचं तिकीट ५०० बाथ आहे. जवळच्या वाट फोचं साधारण ३०० आणि नदीपलीकडच्या वाट अरुणचं २००. तिन्ही केलं तर माणशी हजार बाथ, म्हणजे चार जणांच्या कुटुंबाचे दहा-बारा हजार रुपये एका दिवसात फक्त प्रवेशाचे. हे बजेटमध्ये आधीच धरा. सगळं जमत नसेल तर राजवाडा चुकवू नका. १७८२ मध्ये बांधायला घेतलेल्या या वास्तूतल्या वाट फ्रा केओ मंदिराच्या ओवऱ्यांमध्ये 'रामाकिएन' म्हणजे थाई रामायणाची १७८ भित्तिचित्रं आहेत. लंकादहन, वानरसेना, हनुमानाचं विराट रूप हे सगळं गाइडशिवाय ओळखता येणारे पर्यटक जगात फार नाहीत. आपण त्यातले. वाट फोमधली निजलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आहे, आणि याच मंदिरात थाई मसाजचं प्रसिद्ध विद्यालयही आहे.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शॉर्ट्स, स्लीव्हलेस चालत नाही. हा नियम पुरुषांनाही लागू आहे. एमआरटीचं सनाम चाय स्टेशन वाट फोच्या जवळ आहे, त्यामुळे टॅक्सीची गरजच पडत नाही.

शाकाहारी लोकांचं काय?

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण 'व्हेज' हा शब्द तिथे आपल्या अर्थाने चालत नाही. भाजी म्हणून समोर आलेल्या पदार्थात माशांपासून बनवलेला 'नाम प्ला' हा सॉस, कालवांचा सॉस किंवा कोळंबीची पेस्ट असू शकते. पपईच्या सोमतम सॅलडमध्येही सुकी कोळंबी असते.

एक शब्द पाठ करा : 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. जे म्हणजे चिनी-थाई परंपरेतलं सात्त्विक जेवण. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, पण कांदा-लसूणही नसतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी हा शब्द फार कामाचा. मात्र बटाटा, गाजर असं जमिनीखालचं काही असू शकतं, त्यामुळे जैन प्रवाशांनी ते वेगळं विचारावं. 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस घालू नका, 'माय फेत' म्हणजे तिखट नको. थाई तिखट हे कोल्हापुरी माणसालाही विचार करायला लावणारं आहे.

नळाचं पाणी पिऊ नका. कोपऱ्याकोपऱ्यावर सेव्हन-इलेव्हनचं दुकान असतं, तिथे बाटली स्वस्तात मिळते.

कायदा : इथे 'चालतंय की' चालत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग.

व्हेप आणि ई-सिगारेट : थायलंडमध्ये बंदी आहे. रस्त्यावर विकताना दिसली तरी बंदी आहे. बाळगल्याबद्दल दंड आणि अटक होऊ शकते.

सिगारेट आणि दारू : सोबत नेता येतात त्या जास्तीत जास्त २०० सिगारेट आणि एक लिटर मद्य. गटातल्या सगळ्यांचा माल एकाच बॅगेत ठेवला, तर तो एकाच माणसाचा धरला जातो. मद्य विकत घेण्याचं वय २० आहे, आणि दुकानांत विक्रीच्या वेळा ठरलेल्या असतात.

गांजा : थायलंडने जून २०२२ मध्ये तो अमली पदार्थांच्या यादीतून काढला, आणि हिरव्या पानाच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या. पण जून २०२५ मध्ये नियम पुन्हा कडक झाले आणि गांजाच्या फुलांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक झाली. भारतात तर प्रश्नच नाही. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडे हायड्रोपोनिक गांजा सापडल्याची प्रकरणं मुंबई विमानतळावर वारंवार समोर आली आहेत. त्यात 'फुकट ट्रिप देतो, येताना एक बॅग आण' असं सांगून तरुणांना वापरलं जातं. पकडला जातो तो बॅग आणणारा, पाठवणारा नाही. कुणाचीही बॅग, अगदी खाऊचा डबाही, न उघडता आणू नका. कासव, साप, माकडं असे जिवंत प्राणी आणण्याबद्दलही तेच.

राजघराणं : थायलंडच्या दंडसंहितेतल्या कलम ११२ नुसार राजा, राणी, युवराज यांचा अपमान केल्यास प्रत्येक गुन्ह्यासाठी ३ ते १५ वर्षं कैद होऊ शकते. हा कायदा परदेशी लोकांनाही लागू आहे आणि सोशल मीडियावरची पोस्टही त्यात येते. राजाच्या फोटोवर मीम नको. उडणारी नोट पायाखाली दाबून धरणंही टाळा, नोटेवर राजाचं चित्र असतं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं, लोक थांबले की तुम्हीही थांबा.

पासपोर्ट : बँकॉकच्या फेऱ्या घरच्यांपासून लपवायच्या म्हणून पासपोर्टची पानं फाडणाऱ्या प्रवाशांना मुंबई विमानतळावर अटक झाल्याच्या घटना घडल्या आहेत. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आहे, त्यात छेडछाड हा गुन्हा. बायकोला उत्तर देणं पोलिसांना उत्तर देण्यापेक्षा सोपं.

दुचाकी : भाड्याने मिळते म्हणून चालवता येते असं नाही. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी सहसा हात वर करते, आणि तिथल्या खासगी रुग्णालयांची बिलं लाखांत जातात.

फिरायला नाही, नोकरीला बोलावलं असेल तर

टेलिग्राम, इन्स्टाग्रामवर 'थायलंडमध्ये डेटा एंट्री, कस्टमर केअर, चांगला पगार, तिकीट आमचं' अशा जाहिराती फिरतात. तरुण बँकॉकला उतरतो, तिथून त्याला गाडीने काही तास दूर माए सोट या सीमेवरच्या गावात नेलं जातं आणि मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावड्डी भागात पोहोचवलं जातं. पासपोर्ट काढून घेतला जातो आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला जुंपलं जातं. मार्च २०२५ मध्ये अशा अड्ड्यांमधून सुटलेल्या ५०० हून जास्त भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी माए सोटहून परत आणावं लागलं. सुटलेल्यांमध्ये महाराष्ट्रातले तरुणही होते.

ओळखायची खूण सोपी आहे. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही. कंपनी 'आधी टुरिस्ट म्हणून ये, वर्क परमिट नंतर काढू' म्हणत असेल, तर जाऊ नका. परदेशात नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं.

अडचण आली तर

१११५ नाही, ११५५. हा टुरिस्ट पोलिसांचा क्रमांक आहे आणि तिथे इंग्रजी समजतं. रुग्णवाहिकेसाठी १६६९, पोलिसांसाठी १९१. भारतीय दूतावास सुखुमवित सोई २३ मध्ये आहे, आसोक स्टेशनपासून जवळ. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग तक्रारीची प्रत घेऊन दूतावास. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो स्वतःच्या ईमेलवर आणि घरी एकाला पाठवून ठेवा.

थोड्या बारीक गोष्टी. थायलंडची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास पुढे. आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागतो. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, भिक्खूंना स्त्रियांनी स्पर्श करायचा नाही. हात जोडून नमस्कार तिथेही असतो, त्याला 'वाय' म्हणतात. सोबत म्हणायचं 'सवाद्दी', पुरुषांनी पुढे 'ख्रप' आणि स्त्रियांनी 'खा' जोडायचं. सवाद्दी हा शब्द आला आहे तो संस्कृतमधल्या 'स्वस्ति'वरून.

एवढं लक्षात ठेवलं तर बँकॉक खरंच स्वस्त आहे. आणि निघायच्या आदल्या रात्री चारच गोष्टी पुन्हा बघा : टीडॅकचा फॉर्म भरला का, कार्डाचे परदेशी व्यवहार चालू आहेत का, प्रवास विमा काढला का, आणि बॅगेत दुसऱ्या कुणाचं काही नाही ना.